सूचना, अनुमोदन आणि न झालेले भाषण : सुरत येथील राष्ट्रीय सभेतील (१९०७) अध्यक्षनिवडीच्या भाषणांची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी सार्वजनिक जीवनात सभेचा आरंभ एका ठराविक विधीने होतो. एक जण उठून अमुक व्यक्तीने अध्यक्षस्थान स्वीकारावे अशी सूचना मांडतो, दुसरा त्या सूचनेस अनुमोदन देतो, टाळ्या होतात आणि अध्यक्ष स्थानापन्न होतात. जूचंद्र, नायगाव, वसई या परिसरातील शाळांची स्नेहसंमेलने असोत, वाचनालयांचे वर्धापनदिन असोत किंवा सहकारी पतसंस्थांच्या वार्षिक सभा असोत, सूचक व अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात नोंदविल्याशिवाय कामकाज पुढे सरकत नाही. अनेकदा अध्यक्षांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर महिनाभर आधीच छापलेले असते. तरीही सूचना आणि अनुमोदन होतेच. या दोन छोट्या भाषणांना आपण औपचारिकता म्हणतो आणि त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही.

राजकीय पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षाची किंवा उमेदवाराची निवड करताना होणारी भाषणे याच कुळातील आहेत. अध्यक्षीय भाषणांचे संग्रह निघतात, त्यांवर ग्रंथ लिहिले जातात. त्याआधीची सूचना-अनुमोदनाची भाषणे मात्र अहवालाच्या पानांत राहून जातात. प्रस्तुत निबंधात या दुर्लक्षित भाषणप्रकाराचा विचार एका प्रसंगाच्या आधारे केला आहे. तो प्रसंग म्हणजे २६ व २७ डिसेंबर १९०७ रोजी सुरत येथे भरलेले आणि मोडलेले राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन होय. जहाल व मवाळ यांच्या फुटीचा इतिहास म्हणून सुरतेवर विपुल लेखन झाले आहे. येथे त्या इतिहासाची पुनरुक्ती करण्याचा हेतू नाही. सुरतेच्या मंडपात अध्यक्षनिवडीच्या निमित्ताने जी भाषणे झाली, जी अर्धवट राहिली आणि जे भाषण होऊच दिले गेले नाही, त्यांचे स्वरूप तपासणे हा या निबंधाचा हेतू आहे. सुरतेतील वाद एका प्रश्नाभोवती फिरत होता, असे लेखकाचे प्रतिपादन आहे : अध्यक्षाच्या नावाची सूचना हा गौरव आहे की प्रस्ताव? गौरवाला उत्तर नसते. प्रस्तावावर मात्र बोलण्याचा अधिकार सभेतील प्रत्येकाला असतो.

१. सूचनेच्या भाषणाचे स्वरूप :

राष्ट्रीय सभेच्या पहिल्याच अधिवेशनात या प्रथेचा पाया घातला गेला. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात ७२ प्रतिनिधी जमले. अ‍ॅलन ह्यूम यांनी व्योमेशचंद्र बॅनर्जी यांचे नाव सुचविले, सुब्रह्मण्य अय्यर यांनी त्यास अनुमोदन दिले आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी पुष्टी दिली. एक इंग्रज, एक मद्रासी व एक मराठी गृहस्थ मिळून एका बंगाली गृहस्थाला अध्यक्षस्थानी बसवीत आहेत, हे दृश्यच त्या सभेचे म्हणणे होते. सूचनेच्या भाषणात काय सांगितले यापेक्षा ते कोणी केले याला अधिक अर्थ होता. पुढे प्रत्येक अधिवेशनात निरनिराळ्या प्रांतांतील वक्त्यांनी सूचना, अनुमोदन व पुष्टी यांचे काम वाटून घ्यावे, अशी रीत पडली.

या भाषणप्रकाराची काही लक्षणे सांगता येतील. पहिले लक्षण असे की वक्ता स्वतःविषयी बोलत नाही. तो दुसऱ्याच्या योग्यतेची साक्ष देतो. दुसरे, या भाषणातील श्रोता दुहेरी असतो. वक्ता सभेला उद्देशून बोलतो, परंतु ज्याच्याविषयी बोलतो तो समोरच बसलेला असतो. त्यामुळे सत्यकथन व शिष्टाचार यांचा मेळ घालावा लागतो. तिसरे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. व्याकरणदृष्ट्या हे भाषण विनंतीच्या रूपात असते. ‘अध्यक्षस्थान स्वीकारावे’ या विध्यर्थी क्रियापदात नकाराची शक्यता गृहीत धरलेली असते. ज्याची सूचना करावी लागते ते अद्याप ठरलेले नाही, हे सूचना या शब्दाच्या पोटातच आहे. प्रत्यक्षात ते ठरलेले असते, ही गोष्ट वक्त्याला ठाऊक असते आणि श्रोत्यांनाही. सभेत एकवाक्यता असते तोपर्यंत शब्दार्थ आणि वस्तुस्थिती यांतील ही फट कोणाला खटकत नाही. मतभेद निर्माण झाला की मात्र याच फटीतून सभा दुभंगते. सुरतेत नेमके हेच घडले.

२. सुरतेपूर्वीची परिस्थिती :

१९०६ साली कलकत्ता येथे दादाभाई नौरोजी अध्यक्ष होते. त्या वेळी ते ८१ वर्षांचे होते. आवाज पोचत नसल्याने त्यांचे अध्यक्षीय भाषण गोपाळ कृष्ण गोखले यांनी वाचून दाखविले. ‘स्वराज्य’ हा शब्द राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपीठावरून त्या भाषणात उच्चारला गेला आणि तो मवाळांच्या अग्रणीच्या मुखातून श्रोत्यांच्या कानी पडला, ही घटना भाषणांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांविषयीचे चार ठराव संमत झाले. हे ठराव पुढील अधिवेशनात सौम्य केले जातील, ही जहालांची शंका सुरतेतील संघर्षाच्या मुळाशी होती.

कलकत्त्यातच अध्यक्षनिवडीची पद्धतही निश्चित करण्यात आली. स्वागत समितीने तीन-चतुर्थांश बहुमताने अध्यक्ष निवडावा आणि तसे बहुमत न झाल्यास मध्यवर्ती समितीने निर्णय द्यावा, असे ठरले. पुढील अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. नागपूरच्या स्वागत समितीत अध्यक्षपदावरूनच तंटा झाला आणि अधिवेशनाचे स्थळ बदलून सुरत करण्यात आले. सुरत हे फिरोजशहा मेहता यांच्या प्रभावक्षेत्रातील शहर होते. मंडालेच्या हद्दपारीतून नोव्हेंबर १९०७ मध्ये सुटलेले लाला लजपतराय अध्यक्ष व्हावेत, अशी जहालांची इच्छा होती. लालाजींनी वादाचे कारण होण्यास नकार दिला. डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव निश्चित झाले.

मुंबईहून सुरतेस निघालेले प्रतिनिधी वसई, विरार, पालघर या मार्गाने गेले. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या गाड्यांतील दोन्ही पक्षांच्या मंडळींना अध्यक्ष कोण होणार हे माहीत होते. अध्यक्ष ठरलेला असताना त्याच्या निवडीवर सभेत बोलता येते काय, हे मात्र कोणालाच नक्की माहीत नव्हते.

३. मंडपातील भाषणे :

२६ डिसेंबर रोजी दुपारी सुरतेच्या फ्रेंच गार्डनमधील मंडपात सोळाशेहून अधिक प्रतिनिधी उपस्थित होते. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांचे भाषण झाले. त्यानंतर दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांच्या नावाची सूचना मांडली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनासाठी उभे राहिले.

सूचक व अनुमोदक यांची ही निवड अर्थपूर्ण होती. १९०२ साली अहमदाबादच्या अधिवेशनात देसाई स्वागताध्यक्ष होते आणि सुरेंद्रनाथ अध्यक्ष होते. सुरेंद्रनाथांनी त्यापूर्वी १८९५ साली पुणे येथेही अध्यक्षपद भूषविले होते. म्हणजे सूचक हे यजमान प्रांतातील ज्येष्ठ, अनुमोदक हे दोनदा अध्यक्ष झालेले बंगालचे सर्वश्रुत वक्ते आणि नियोजित अध्यक्षही बंगालचेच. वंगभंगाच्या चळवळीत सुरेंद्रनाथांना जे स्थान होते ते पाहता, त्यांच्या तोंडून आलेले अनुमोदन बंगालच्या तरुणांनाही मान्य होईल, अशी योजकांची अपेक्षा असावी.

ती अपेक्षा फोल ठरली. देसाई यांनी डॉ. घोष यांचे नाव घेताच नकाराचे स्वर उमटले होते. सुरेंद्रनाथ बोलू लागताच गोंधळ वाढला. नागपूर आणि मिदनापूर यांची आठवण त्यांना करून देण्यात आली. मिदनापूरच्या परिषदेत जहालांशी झालेला त्यांचा वाद त्या वेळी अगदी ताजा होता. हजारोंच्या सभा केवळ आवाजाने ताब्यात ठेवणाऱ्या या वक्त्याने टेबलावर उभे राहून बोलण्याचा प्रयत्न केला. त्याचाही उपयोग झाला नाही. अखेर त्या दिवसाचे काम थांबवावे लागले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. पुढे ज्या पक्षाने बोलण्याचा हक्क नाकारला गेल्याची तक्रार केली, त्याच पक्षाच्या अनुयायांनी पहिल्या दिवशी अनुमोदकाला बोलू दिले नाही. मराठी लेखनात सुरतेची हकीकत सांगताना हा भाग बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. चिकित्सेच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. सुरेंद्रनाथांचे भाषण ज्यांनी बंद पाडले, त्यांनीही ते भाषण हा निव्वळ गौरव असल्याचे एका अर्थी मान्यच केले होते. गौरवाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांनी आरडाओरडा केला. सूचनेवर वाद घालण्याची वाट सभेच्या रूढीने उपलब्ध ठेवली नव्हती आणि श्रोत्यांनाही ती सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, सुरेंद्रनाथांनी आपले भाषण पूर्ण केले. मोतीलाल नेहरू यांनी सूचनेला पुष्टी दिली. माळवी यांनी मत घेऊन डॉ. घोष निवडून आल्याचे जाहीर केले. इतक्या मोठ्या समुदायात होकार-नकारांच्या आरोळ्यांवरून बहुमत ठरविले गेले. मवाळांचे बहुमत तेथे होते, हे सहसा कोणी नाकारीत नाही. परंतु प्रश्न बहुमताचा नव्हता. मत घेण्यापूर्वी एका प्रतिनिधीने बोलण्याची परवानगी लेखी मागितली होती आणि तिला उत्तर मिळाले नव्हते.

४. टिळकांची चिठ्ठी :

लोकमान्य टिळक यांनी दुसऱ्या दिवसाचे काम सुरू होण्याच्या सुमारास माळवी यांच्याकडे एक चिठ्ठी पाठविली. अध्यक्षनिवडीच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यानंतर आपल्याला त्यावर प्रतिनिधींपुढे बोलावयाचे आहे. विधायक योजनेसह तहकुबीची सूचना मांडावयाची आहे. तरी आपले नाव पुकारावे, असा तिचा आशय होता. आठवण करून दिल्यानंतरही तिला उत्तर आले नाही, असे जहालांच्या निवेदनात म्हटले आहे.

सुरतेच्या सर्व भाषणसाहित्यात ही दोन-तीन वाक्यांची चिठ्ठी सर्वाधिक काळजीपूर्वक रचलेली आहे, असे म्हणावे लागते. तिच्यातील चार गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट क्रमाची. अनुमोदनानंतर बोलू द्यावे, असे टिळक म्हणतात. याचा अर्थ सुरेंद्रनाथांचे भाषण पूर्ण व्हावे हे त्यांना मान्य आहे. आदल्या दिवशी आपल्या अनुयायांनी जे केले त्यापासून ही चिठ्ठी निराळी उभी राहते. दुसरी गोष्ट अनुल्लेखाची. चिठ्ठीत डॉ. घोष यांच्या योग्यतेविषयी एक अक्षरही नाही आणि दुसरे नावही सुचविलेले नाही. निवडीच्या प्रसंगाचा उपयोग करून घ्यावयाचा, परंतु व्यक्तीचा अवमान करावयाचा नाही, ही मर्यादा तीत पाळलेली आहे. तिसरी गोष्ट तहकुबीची. तहकुबी ही सभाशास्त्रातील मान्य सूचना आहे. ती मुख्य प्रश्नाला थेट विरोध न करता वेळ मागते. आणि तिच्यासोबत विधायक योजना आहे असे सांगून, वेळ कशासाठी हवा तेही सुचविले आहे. दोन्ही पक्षांत समेट घडविण्याचा मार्ग सभेपुढे ठेवावा, असा त्या योजनेचा रोख होता. चौथी गोष्ट विनंतीची. आपले नाव पुकारावे, असे सांगून टिळक स्वागताध्यक्षांचा अधिकार मान्य करतात. जो पुकारण्याची वाट पाहतो तो सभेच्या शिस्तीत आहे.

या चिठ्ठीने सूचनेच्या भाषणाचा दर्जाच बदलला. देसाई व सुरेंद्रनाथ जे बोलले तो प्रस्ताव आहे आणि प्रस्ताव असल्यामुळे त्यावर उपसूचना येऊ शकते, हा तिचा ध्वन्यर्थ आहे. विध्यर्थी क्रियापदातील नकाराची शक्यता टिळकांनी शब्दशः घेतली. ते वकिलीचे वर्ग चालविणारे आणि कायद्याच्या शब्दांत मुरलेले गृहस्थ होते. शब्दार्थाला धरून राहण्याची त्यांची ही सवय ‘केसरी’च्या वाचकांना परिचित होती.

उत्तर न आल्याने टिळक व्यासपीठावर गेले. डॉ. घोष अध्यक्षस्थानी आले होते आणि भाषणास प्रारंभ करीत होते. टिळकांनी बोलण्याचा हक्क सांगितला. माळवी यांनी आणि डॉ. घोष यांनीही तो नियमबाह्य ठरविला. आपण प्रतिनिधींकडे दाद मागतो, असे म्हणून टिळक हाताची घडी घालून सभेकडे तोंड करून उभे राहिले. येथे चिठ्ठीची शिस्त संपली. अध्यक्षांचा निर्णय अमान्य करून सभेला थेट आवाहन करणे हे सभाशास्त्रात बसते काय, याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु जो मनुष्य भाषण करण्यासाठी आला होता त्याला आता केवळ उभे राहणे एवढेच शक्य होते. युक्तिवादाची जागा पवित्र्याने घेतली. त्यानंतर मंडपातून एक मराठी जोडा व्यासपीठाकडे आला. तो सुरेंद्रनाथांना व फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्यांची फेकाफेक झाली, पोलीस आले आणि अधिवेशन संपले.

इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन त्या वेळी मंडपात उपस्थित होते. त्यांच्या १९०८ सालच्या प्रवासग्रंथामुळे तो जोडा इतिहासात अजरामर झाला. सुरत म्हटले की आजही विद्यार्थ्याला जोडा आठवतो. चिठ्ठी आठवत नाही. एका अर्थाने हा सुरतेचा दुसरा पराभव आहे.

५. डॉ. घोष यांचे न झालेले भाषण :

डॉ. घोष यांना संबोधनापलीकडे फारसे जाता आले नाही. तरीही त्यांचे सुरतेचे भाषण उपलब्ध आहे. ते आधीच छापून तयार होते. त्यात नव्या पक्षावर कठोर टीका होती आणि सुरतेत ते पूर्णपणे वाचले जाण्यापूर्वीच कलकत्त्यात प्रसिद्ध झाले होते. पुढे राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षीय भाषणांच्या संग्रहांत त्याचा समावेश झाला.

एकाच मंडपातील दोन न झालेल्या भाषणांची ही तुलना उद्बोधक आहे. डॉ. घोष यांचे भाषण झाले नाही, परंतु ते छापील रूपात टिकले; टिळकांचे भाषण झाले नाही आणि त्याची केवळ चिठ्ठी उरली. अध्यक्षाचे भाषण हे संस्थेचे अधिकृत साहित्य असते, म्हणून ते उच्चारले न जाताही अस्तित्वात येते. उपसूचना मांडणाऱ्या प्रतिनिधीचे भाषण उच्चारले जाण्याच्या क्षणीच जन्माला येते. तो क्षण हुकला की ते कायमचे हरपते. म्हणून सभेत अध्यक्षाच्या भाषणापेक्षा विरोधकाच्या भाषणाला संरक्षणाची अधिक गरज असते.

डॉ. घोष यांच्या भाषणाच्या आशयाविषयीही एक निरीक्षण नोंदविता येते. ज्या पक्षाच्या प्रतिनिधींकडून आपली निवड एकमताने व्हावी अशी अपेक्षा आहे, त्याच पक्षावर निवडीनंतरच्या पहिल्या भाषणात प्रहार करावयाचा, ही रचना सूचना-अनुमोदनाच्या विधीशी विसंगत आहे. सूचनेचे भाषण सभेला एक करते आणि अध्यक्षीय भाषणाने त्या ऐक्याच्या वतीने बोलावे, असा संकेत असतो. हे भाषण ऐक्याच्या वतीने लिहिलेले नव्हते. ते बहुमताच्या वतीने लिहिलेले होते. बहुमताला तसा अधिकार असतोच. परंतु मग त्या बहुमताने आपली सूचना हा प्रस्ताव आहे हे मान्य करून तीवर चर्चाही होऊ द्यावयास हवी होती. गौरवाचे संरक्षण आणि प्रस्तावाचा विजय, हे दोन्ही लाभ एकाच वेळी घेता येत नाहीत.

६. दोन निवेदने :

अधिवेशन मोडल्यानंतर दोन्ही बाजूंनी निवेदने काढली. मवाळांच्या निवेदनावर माळवी, घोष, वाच्छा व गोखले यांच्या सह्या होत्या. जहालांच्या निवेदनावर टिळक, खापर्डे, अरविंद घोष आदींच्या. ही निवेदने म्हणजे सभेत जो वाद होऊ शकला नाही तो कागदावर झालेला वाद होय. त्यांतील भाषा संयत आहे, घटना तासातासाने मांडल्या आहेत आणि एकाच घटनाक्रमातून दोन परस्परविरोधी अर्थ निघतात.

मवाळांचे म्हणणे थोडक्यात असे होते : अध्यक्षाचे नाव नियमानुसार आधीच निश्चित झाले होते; त्यामुळे मंडपातील सूचनेवर उपसूचना येऊच शकत नव्हती आणि त्या टप्प्यावरील तहकुबीची सूचनाही नियमबाह्य होती. जहालांचे म्हणणे असे : आधी झाले ते केवळ नाव सुचविणे, निवड प्रतिनिधींच्या मताने मंडपातच व्हावयाची होती आणि जेथे मत घेतले जाते तेथे बोलू द्यावे लागते. ठरावांचे मसुदे वेळेवर हाती न आल्याची जहालांची तक्रार आणि छपाईच्या अडचणींविषयी गोखल्यांनी दिलेले उत्तर हा वादाचा आणखी एक भाग होता. तोही मुळात याच प्रश्नाचा भाग आहे : सभेत येणाऱ्याला कशावर मत द्यावयाचे ते आधी कळले पाहिजे.

दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. १९०६ च्या नियमाने निवडीचा अधिकार समितीकडे दिला होता, हे मवाळांच्या बाजूचे आहे. तरीही मंडपात सूचना मांडून प्रतिनिधींचे मत घेण्याची प्रथा चालूच ठेवली होती, हे जहालांच्या बाजूचे आहे. ज्या संस्थेने निर्णय एका ठिकाणी घेतला आणि निर्णयाची भाषा दुसऱ्या ठिकाणी वापरली, त्या संस्थेच्या रचनेतच हा दोष होता. माळवी यांनी पाच मिनिटांचे भाषण होऊ दिले असते, तर तहकुबीची सूचना बहुमताने फेटाळली जाण्याचीच शक्यता अधिक होती. ते न होऊ दिल्यामुळे राष्ट्रीय सभा पुढील नऊ वर्षे दुभंगलेली राहिली. २८ डिसेंबरला सुमारे ९०० प्रतिनिधींचे मवाळांचे ‘कन्व्हेन्शन’ भरले. त्याच दिवशी अरविंद घोष यांच्या अध्यक्षतेखाली जहालांची वेगळी परिषद झाली. एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादला मवाळांनी घटना तयार केली. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दोन्ही पक्ष एकत्र आले ते १९१६ साली लखनौला.

७. अमेरिकी अधिवेशनांशी तुलना :

अध्यक्षीय उमेदवाराच्या नामनिर्देशनाचे भाषण हा प्रकार अमेरिकेतील पक्षांच्या अधिवेशनांत सर्वाधिक विकसित झाला. सुरतेच्या अकरा वर्षे आधी, ९ जुलै १८९६ रोजी, शिकागो येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन या ३६ वर्षांच्या वक्त्याने सोने व चांदी यांच्या चलनाविषयी भाषण केले. ते पक्षाच्या धोरणावरील चर्चेत झाले होते. दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत ब्रायन यांनाच उमेदवारी मिळाली. आधी धोरणावर उघड वाद आणि मग व्यक्तीची निवड, हा क्रम येथे दिसतो. सुरतेत जहालांना चार ठरावांविषयी बोलावयाचे होते आणि क्रम उलटा असल्यामुळे त्यांना व्यक्तीच्या निवडीचा प्रसंग धरावा लागला.

दुसरे उदाहरण १९६८ सालचे आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस निदर्शकांना मारहाण करीत असताना सभागृहात सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांनी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या नावाची सूचना मांडली आणि त्या भाषणातच पोलिसांच्या वर्तनाचा तीव्र निषेध केला. समोर बसलेले महापौर रिचर्ड डेली संतापून ओरडू लागले. सभागृहात गोंधळ होता. तरीही भाषण पूर्ण झाले. मॅकगव्हर्न त्या वेळी पराभूत झाले आणि ह्यूबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी मिळाली. बहुमत बदलले नाही, परंतु विरोध नोंदविला गेला. सूचनेचे भाषण निषेधाचे वाहन होऊ शकते, हे येथे सिद्ध झाले आणि ज्याची चिठ्ठी अनुत्तरित राहिली त्या सुरतेतील प्रतिनिधीला काय हवे होते, तेही या उदाहरणावरून कळते.

मात्र अमेरिकेचे उदाहरण आदर्श म्हणून घेण्याचे कारण नाही. १९५२ नंतर तेथील कोणत्याही मोठ्या पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराची निवड पहिल्या फेरीपलीकडे गेलेली नाही. प्राथमिक निवडणुकांमुळे निर्णय आधीच होतो आणि अधिवेशन त्याचा सोहळा करते. २००४ साली बॉस्टन येथे बराक ओबामा यांनी केलेले बीजभाषण स्मरणात राहिले, ते त्यांच्या स्वतःच्या उदयामुळे. उमेदवार निवडीत त्याची भूमिका नव्हती. २०२४ साली तर कमला हॅरिस यांची उमेदवारी शिकागोच्या अधिवेशनापूर्वीच, ऑगस्टच्या आरंभी झालेल्या दूरस्थ मतदानाने निश्चित झाली होती. सभागृहातील भाषणे त्यानंतरची होती. गौरवाने प्रस्तावावर मिळविलेला हा संपूर्ण विजय होय.

८. सुरतेनंतर :

आपल्याकडे याच विजयाचा मार्ग निराळा आहे. टिळक कधीही राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले नाहीत. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली होती. परंतु चिरोल खटल्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. ज्याला अध्यक्षनिवडीवर बोलू दिले गेले नाही, त्याचे अध्यक्षीय भाषणही झाले नाही.

१९३९ साली अध्यक्षपदासाठी खरी निवडणूक झाली. सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. प्रांतोप्रांती मतदान झाले आणि वादविवाद वृत्तपत्रांतील निवेदनांतून झाला; एका मंडपात उभे राहून उमेदवारांच्या बाजूने व विरुद्ध भाषणे झाली नाहीत. त्रिपुरी येथे मार्चमध्ये अधिवेशन भरले तेव्हा वाद उफाळला, परंतु तो निवडीनंतरचा होता आणि आजारी अध्यक्षांचे भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र यांना वाचावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच पक्षाच्या अध्यक्षपदासाठी मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ आणि शशी थरूर यांना १,०७२ मते मिळाली. मतपेटी होती, गुप्त मतदान होते. दोन्ही उमेदवारांना समोरासमोर ऐकणारी प्रतिनिधींची सभा मात्र नव्हती. इतर बहुतेक पक्षांत तर अध्यक्षाची निवड ‘एकमताने’ व ‘बिनविरोध’ जाहीर होते आणि त्यानंतर गौरवपर भाषणे होतात.

मत देण्याचा हक्क आणि मतापूर्वी बोलण्याचा हक्क हे दोन निराळे हक्क आहेत. पहिला हक्क आपल्या सार्वजनिक संस्थांत बऱ्याच प्रमाणात रुजला आहे. दुसरा हक्क अजूनही सभाध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून असतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अध्यक्षाच्या नावाची सूचना व अनुमोदन करणारे भाषण हा स्वतंत्र भाषणप्रकार असून त्याचे शब्दरूप प्रस्तावाचे व व्यवहार गौरवाचा असतो. या दोहोंतील अंतर मतभेदाच्या प्रसंगी उघड होते.

२) सुरतेतील पहिल्या दिवसाचा गोंधळ आणि दुसऱ्या दिवसाची अनुत्तरित चिठ्ठी या परस्परविरोधी घटना आहेत. पहिल्या घटनेने भाषण बंद पाडले. दुसरीने भाषणाची परवानगी मागितली. दोहोंचे मूल्यमापन एकत्र करणे अन्यायाचे आहे, तसेच पहिलीचा दोष झाकणेही अन्यायाचे आहे.

३) मवाळांजवळ बहुमत होते. विरोधकाला ऐकून घेऊन त्याचा पराभव करण्याची संधी त्यांनी गमावली. ऐकून घेतल्याने बहुमत कमी होत नाही. ऐकून न घेतल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होते.

४) अध्यक्षाचे भाषण छापील रूपात टिकते, विरोधकाचे भाषण सभेतच जगते किंवा मरते. त्यामुळे सभेच्या नियमांची खरी कसोटी विरोधकाला मिळणाऱ्या वेळेवर होते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा विषय दूरचा वाटू नये. विद्वत्सभा, अभ्यासमंडळे, पतसंस्था व संघटना यांच्या बैठकांत आपण सूचक आणि अनुमोदक म्हणून वारंवार सही करतो. ठराव सर्वानुमते मंजूर, असे इतिवृत्तात लिहिले जाते. त्या ओळीच्या आधी कोणी बोलू इच्छित होते काय, हे इतिवृत्तावरून कळत नाही. माळवी यांच्या हाती पडलेल्या चिठ्ठीचे महत्त्व येथे आहे. सूचना व अनुमोदन झाल्यानंतर आणि मत घेण्यापूर्वी अध्यक्षांनी ‘कोणास काही बोलावयाचे आहे काय’ असे विचारणे, आणि विचारून क्षणभर थांबणे, एवढ्याने औपचारिकतेला पुन्हा अर्थ प्राप्त होऊ शकतो.